एक जिवाणू, दोन अळ्या : मराठवाड्याच्या शिवारातील एका न दिसणाऱ्या लढाईचा इतिहास

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत अळीविषयीच्या दोन परस्परविरुद्ध इच्छा आज शेजारी शेजारी नांदत आहेत. पऱ्हाटीच्या शेतात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला वाटते, बोंडातली अळी मरावी. त्याच शिवारात तुती लावलेल्या शेतकऱ्याला वाटते, संगोपनगृहातली अळी जगावी, तिने पोटभर पाला खावा आणि वेळेवर कोष विणावा. दोन्ही अळ्या पतंगाच्याच कुळातल्या. आणि दोघींचा एक शत्रूही समान आहे : बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा मातीत राहणारा जिवाणू. गावात त्याला कोणी या नावाने ओळखत नाही. त्याचे आद्याक्षरांचे लघुरूप मात्र प्रत्येक कृषी सेवा केंद्रात ऐकू येते : बीटी.

मराठवाड्याच्या कापसाचा इतिहास आपण सहसा बाजारभाव, कर्ज, बियाण्याच्या कंपन्या आणि सरकारी धोरण यांच्या अंगाने वाचतो. तसा तो वाचलाच पाहिजे. परंतु या इतिहासातील एका पात्राच्या शरीरात काय घडले, याची नोंद कोणत्याही महसुली दप्तरात सापडत नाही. ते पात्र म्हणजे अळी. जिवाणू शरीरात शिरला की अळी काय करते? ती मुकाट मरते, की लढते? आणि लढत असेल, तर लढाई कोठे थांबवायची हे तिला कोण सांगते? आजचा हा धागा त्या प्रश्नांच्या इतिहासाचा आहे. वाट जरा लांबची आहे. जपान, जर्मनी, स्वीडन असे फिरून आपण पुन्हा गोदाकाठी येणार आहोत.

आधी नांदेड. निजामाच्या हैदराबाद संस्थानात या परिसरातील ‘गावरानी’ कापूस तलम धाग्यासाठी नावाजलेला होता. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत तो गॉसिपियम आर्बोरियम, म्हणजे आपला देशी कापूस. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि नांदेडच्या कापसाला मोठ्या बाजाराची वाट मिळाली. पुढे शहरात उस्मानशाही मिल उभी राहिली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र लातूर जिल्हा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी. (जुने आकडे तुलनेला घेताना हे विसरले की ‘लातूर जिल्ह्याचा १९५१ चा कापूस’ असला हास्यास्पद तक्ता तयार होतो.)

स्वातंत्र्यानंतर देशी कापूस हळूहळू मागे पडला आणि अमेरिकन जातीचा, लांब धाग्याचा, अधिक उत्पन्न देणारा कापूस पुढे आला. १९७० मध्ये सुरतहून ‘एच-४’ हा संकरित वाण आला आणि संकरित कापसाचे युग सुरू झाले. मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने दिलेला ‘एनएचएच-४४’, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेला ‘नांदेड-४४’, त्या युगाचा आपल्याकडील सर्वांत यशस्वी वारसदार. १९८० आणि १९९० च्या दशकांत तो महाराष्ट्रभर पसरला. कोरडवाहू रानातही तग धरणारा, भरपूर बोंडे लागणारा वाण म्हणून जुने शेतकरी आजही त्याचे नाव आदराने घेतात.

मात्र या हिरव्यागार, दीर्घकाळ पाते-फुले धरणाऱ्या पिकात अळ्यांचीही पंगत बसली. हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा ही त्यांतली सर्वांत बेरकी. कापसात तिला अमेरिकन बोंडअळी म्हणतात, हरभऱ्यात घाटेअळी, तुरीत शेंगा पोखरणारी अळी. म्हणजे नांदेडच्या कापसापासून लातूरच्या तूर-हरभऱ्यापर्यंत एकच कीड तीन नावांनी वावरते. दुसरी गुलाबी बोंडअळी. तिचे शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स यांनी केले, तेही भडोचहून पाठवलेल्या नमुन्यांवरून. ती तेथे अमेरिकन कापसाच्या प्रायोगिक लागवडीचे नुकसान करीत होती. ‘अमेरिकन’ कापसाला भारतीय भूमीवर कीड लागल्याची ही नोंद आज वाचताना एखाद्या नाटकाच्या पहिल्या प्रवेशासारखी वाटते.

१९८० च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके आली. पहिली काही वर्षे परिणाम विलक्षण होता. दशक संपण्यापूर्वीच हेलिकोव्हर्पा त्यांना दाद देईनाशी झाली. फवारण्या वाढल्या, औषधांची मिश्रणे झाली, खर्च वाढला, कर्ज वाढले. हा भाग आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यावर येथे अधिक लिहीत नाही. बीटी कापसाचे स्वागत इतक्या आतुरतेने का झाले, हे समजण्यापुरता तो ध्यानात असावा.

आता जिवाणूकडे. बीटीचा शोध कापसाच्या शेतात लागला नाही. तो रेशमाच्या घरात लागला, आणि मित्र म्हणून तर मुळीच नाही. १९०१ मध्ये जपानी शास्त्रज्ञ इशिवाता शिगेताने रेशीमअळ्यांच्या एका रोगाचा अभ्यास करीत होते. निरोगी दिसणाऱ्या अळ्या अकस्मात कोसळून मरत. त्या रोगाला जपानीत ‘सोत्तो’, म्हणजे अचानक कोसळणे, असे नाव होते. इशिवातांनी मृत अळ्यांतून एक जिवाणू वेगळा केला. दहा वर्षांनी, १९११ मध्ये, एर्न्स्ट बर्लिनर यांना तशाच प्रकारचा जिवाणू जर्मनीत सापडला. थुरिंजिया प्रांतातील एका गिरणीतून आलेल्या पिठाच्या पतंगाच्या अळ्यांत तो होता. म्हणून नाव पडले थुरिंजिएन्सिस. एकाच सूक्ष्मजीवाकडे जपानी रेशीम उत्पादक रोग म्हणून पाहत होता आणि युरोपीय पाहू लागला अस्त्र म्हणून. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये त्याचे पहिले व्यापारी कीडनाशक बाजारात आले.

या जिवाणूच्या पेशीत बीज तयार होताना प्रथिनाचा एक स्फटिक तयार होतो. १९५० च्या दशकात त्याचे महत्त्व स्पष्ट झाले. अळीच्या आतड्यातील द्रव आपल्या जठरासारखा आम्लधर्मी नसतो. तो तीव्र अल्कधर्मी असतो. त्यात स्फटिक विरघळतो, अळीचीच पाचक द्रव्ये त्यातून विष मोकळे करतात, ते विष आतड्याच्या भिंतीवरील ठरावीक प्रथिनांना जाऊन चिकटते आणि पेशींना छिद्रे पाडते. अळी खाणे थांबवते. आतड्यातील मजकूर रक्तात शिरतो. माणसाच्या पोटात ना तशी अल्कता, ना ते प्रथिनरूपी कुलूप. म्हणून हे विष अळीपुरते मर्यादित राहते.

येथवरची कथा शालेय पुस्तकातही सापडेल. तिच्यात अळी ही निव्वळ बळी आहे. शास्त्रज्ञांचीही दीर्घकाळ जवळपास हीच समजूत होती. प्रतिकारशक्ती म्हणजे प्रतिपिंडे, म्हणजे लस, म्हणजे एकदा झालेल्या रोगाची स्मृती; आणि कीटकांत प्रतिपिंडे नसतात. मग त्यांना प्रतिकारशक्ती कसली?

अर्थात या समजुतीला तडे आधीपासून होते. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह यांनी १८८० च्या दशकात तारामाशाच्या डिंभात आणि पाणपिसवेत परक्या वस्तूला गिळणाऱ्या पेशी पाहिल्या. त्याबद्दल १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९२० च्या सुमारास फ्रान्समध्ये पायो आणि मेटालनिकोव्ह यांनी अळ्यांना दुर्बल केलेले जिवाणू टोचले आणि त्या अळ्या नंतरच्या जीवघेण्या मात्रेत तगल्या, असे दाखवले. पण तगल्या कशाच्या बळावर, याचे उत्तर त्या काळाच्या रसायनशास्त्राला देता आले नाही. प्रश्न पन्नास वर्षे पडून राहिला.

तो उचलला स्वीडनमधील हान्स बोमान यांनी. त्यांची निवड फार चतुर होती. सेक्रोपिया नावाच्या मोठ्या रेशीमपतंगाचे कोशित त्यांनी घेतले. (आपल्या गडचिरोली-भंडाऱ्याच्या जंगलांत ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणारा टसरचा पतंग याच कुळातला.) थंडीत हे कोशित महिनोन्‌महिने निद्रिस्त असते, त्याच्या शरीरात नवीन प्रथिने जवळपास बनतच नाहीत. अशा निजलेल्या कोशितात जिवाणू टोचले की जे काही नवे बनेल ते त्या जिवाणूला दिलेले उत्तर, दुसरे काही असूच शकत नाही. शांत घरात एकच घंटा वाजावी, तसे. रक्तात खरोखर नवी प्रथिने अवतरली आणि ती जिवाणूंना ठार करीत होती. १९८१ मध्ये बोमान यांच्या गटाने त्यांतील दोघांची रचना प्रसिद्ध केली. सुमारे ३७ अमिनो आम्लांची ती छोटी साखळी, नाव ‘सेक्रोपिन’. जिवाणूंच्या आवरणाला ती फोडते.

बोमान यांच्या या कथेत बीटीचा प्रवेश पुष्कळदा सांगितला जात नाही, आणि मला तोच सर्वांत रंजक वाटतो. १९७६ मध्येच त्यांच्या गटाने दाखवले होते की, बॅसिलस थुरिंजिएन्सिस कीटकाच्या या संरक्षणात अडथळा आणणारी द्रव्ये सोडतो. १९८४ मध्ये त्यांपैकी एकाचा उलगडा झाला. ते एक प्रथिन-पाचक द्रव्य होते आणि सेक्रोपिनसारख्या रक्षक प्रथिनांचेच तुकडे करत होते. म्हणजे निसर्गातील बीटीकडे दोन हत्यारे आहेत : एक दार फोडणारे, दुसरे आतील पहारेकऱ्याची तलवार मोडणारे. ज्या जिवाणूला पहारेकऱ्याचा बंदोबस्त करावा लागतो, त्याच्यासमोर पहारेकरी असतो हे उघडच आहे.

पण हा पहारेकरी शत्रूला ओळखतो कसा? उत्तराचा एक महत्त्वाचा तुकडा पुन्हा रेशीमअळीतूनच आला. १९९६ मध्ये जपानमधील आशिदा यांच्या गटाने रेशीमअळीच्या रक्तातून एक प्रथिन शुद्ध केले. ते पेप्टिडोग्लायकनला ओळखते. पेप्टिडोग्लायकन म्हणजे जिवाणूच्या भिंतीतील जाळी; ती प्राण्यांच्या शरीरात कधीच बनत नाही. घराची वीटच परकी, म्हणून माणूसही परका, असा हा साधा आणि अचूक तर्क. रेशीमअळीला इजा झाली की तिचे रक्त काळे पडते, हे संगोपन करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. जिवाणूची वीट दिसली तरी ती काळे पडण्याची साखळी सुरू होते. ही प्रतिक्रिया इतकी संवेदनशील आहे की, एखाद्या द्रवात जिवाणूंचे अंश आहेत का हे तपासण्यासाठी रेशीमअळीचा रक्तद्रव प्रयोगशाळांत चाचणीचे साधन म्हणून वापरला जातो.

त्याच १९९६ साली फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ज्यूल्स हॉफमन, ब्रुनो लेमेत्र आणि सहकाऱ्यांनी फळमाशीत दाखवले की, ‘टोल’ नावाचे जनुक बिघडले की माशी बुरशीपुढे हतबल होते. टोल हे आधी गर्भाच्या पाठ-पोटाची बाजू ठरवणारे जनुक म्हणून माहीत होते. जर्मन भाषेत ‘टोल’ हा आश्चर्योद्गार आहे, आपल्या ‘भन्नाट!’सारखा, जनुकाचे नाव त्यावरूनच पडले. पुढे मानवातही टोलसारखी प्रथिने सापडली आणि २०११ च्या नोबेलमध्ये हॉफमन यांचा वाटा ठरला. कीटकांत इशारा पोहोचवण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत, हेही या काळात स्पष्ट झाले : बुरशी आणि काही जिवाणूंसाठी टोल, तर दुसऱ्या घडणीच्या भिंतीच्या जिवाणूंसाठी ‘आयएमडी’. बीटीची भिंत या दुसऱ्या घडणीची. इशारा मिळाला की ‘मेदपिंड’ हे कीटकांचे यकृतासारखे काम करणारे अंग रक्षक प्रथिने रक्तात सोडू लागते.

येथे बहुतेक लोकप्रिय लेखन थांबते : शत्रू आला, भोंगा वाजला, सैन्य निघाले. खरी गंमत मात्र भोंगा बंद कसा होतो यात आहे.

अळीच्या आतड्याचा विचार करा. ती पान खाते, आणि पानावर जिवाणू असतातच. प्रत्येक घासाला भोंगा वाजला तर? अळीचे आयुष्य म्हणजे अखंड युद्धकाळ होईल. म्हणून कीटकाच्या शरीरात प्रतिकाराला आवर घालणारी एक संपूर्ण व्यवस्था आहे, आणि तिचे बहुतेक तपशील फळमाशीत उलगडले आहेत. काही प्रथिने आतड्यात फिरणारे पेप्टिडोग्लायकनचे तुकडे कापून निष्प्रभ करतात. भिंतीची वीट चुरून टाकली की ती ओळखणाराही गप्प बसतो. विशेष असे की, ही आवर घालणारी प्रथिने भोंगा वाजल्यावरच अधिक बनतात. सैन्याला निघण्याचा जो हुकूम, त्याच हुकमात परत बोलावण्याची तरतूद लिहिलेली. काळे पडण्याच्या साखळीलाही असाच लगाम आहे. ‘सर्पिन’ नावाची प्रथिने ती साखळी जखमेपुरती रोखून धरतात. त्यांतले एक नसलेल्या माशीत काळेपणा जखमेची सीमा ओलांडून शरीरभर पसरू शकतो.

लगाम सुटला तर काय होते, याचा सर्वांत बोलका पुरावा २००८ मध्ये दक्षिण कोरियातील वोन-जे ली यांच्या गटाने दिला. माशीच्या आतड्यात ‘कॉडल’ नावाचे जनुक रक्षक प्रथिनांचे उत्पादन दाबून ठेवते. शास्त्रज्ञांनी कॉडलला गप्प केले. रक्षक प्रथिने वाढली. वरवर पाहता माशी अधिक सुरक्षित व्हायला हवी होती. झाले उलटेच. आतड्यातील निरुपद्रवी जिवाणूंचा समतोल ढासळला, एरवी अल्पसंख्य असणारा एक प्रकार माजला, आतड्याच्या पेशी मरू लागल्या आणि माश्याही लवकर मेल्या.

लढण्याची किंमत भुकेल्या शरीराला अधिक मोजावी लागते. २००० मध्ये मोरे आणि श्मिड-हेंपेल यांनी भुंगामाशीच्या कामकरी माश्यांना जिवाणूच्या आवरणाचा निर्जीव अंश टोचला. रोग नव्हताच, होता तो केवळ रोगाचा आभास. अन्न मिळत होते तोवर फरक दिसला नाही. उपाशी ठेवल्यावर मात्र टोचलेल्या माश्या लक्षणीयरीत्या लवकर मेल्या. शत्रू नसतानाही सैन्य उभे करण्याचा खर्च तेवढा होता. दुष्काळात मुलूखगिरी काढणाऱ्या राज्यांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना हे नवे वाटू नये.

आता पुन्हा गोदाकाठी येऊ. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात स्थापन केलेल्या महिकोने मोन्सॅन्टोशी भागीदारी केली आणि मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने भारतातील पहिल्या तीन बीटी कापूस संकरांना मान्यता दिली. त्यांत जिवाणूचे ‘क्राय१एसी’ हे एक जनुक होते. २००६ मध्ये दोन जनुकांचे ‘बोलगार्ड-२’ आले. म्हणजे वाटाघाटींच्या टेबलावरचे एक गाव मराठवाड्यातलेच होते. काही वर्षांतच नांदेडपासून जळगावपर्यंत बिगर-बीटी संकरित कापूस दिसेनासा झाला. नांदेड-४४ सुद्धा मागे सरकला. पुढे त्याच्यातही बीटी जनुके घालून तो परत आणावा लागला.

जीवशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर बीटी कापूस हा त्या जिवाणूचा अर्धाच अवतार. पानात आणि बोंडात स्फटिकाचे विष आहे, म्हणजे दार फोडणारे हत्यार आहे. तलवार मोडणारे दुसरे हत्यार नाही, आणि जिवंत जिवाणूही नाही. मग बीटी बोंड खाल्लेली अळी नेमकी कशाने मरते? भुकेने? विषाने? की आतड्याला पडलेल्या छिद्रांतून तिचेच आतड्यातील जिवाणू रक्तात उतरून?

या प्रश्नावर या शतकाच्या पहिल्या दशकात चांगलीच जुंपली. २००६ मध्ये निकोल ब्रोडरिक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत जिप्सी पतंगाच्या अळ्यांना प्रतिजैविके देऊन आतड्यातील जिवाणू नाहीसे केले. बीटीचा प्रभाव ओसरला. जिवाणू परत घातले, प्रभाव परतला. मग ब्रिटनमधील दोन गटांनी २००९ मध्ये इतर अळ्यांवर प्रयोग करून आक्षेप घेतला : आतड्यात जिवाणू नसतानाही बीटी मारतो, प्रतिजैविकांचा अवशेषच परिणाम बिघडवत असावा. ब्रोडरिक यांच्या स्वतःच्या पुढील कामातही असे दिसले की, जातीगणिक उत्तर बदलते.

माझ्या मते या वादातील सर्वांत मोलाचा निष्कर्ष २०१० चा आहे. त्याच गटाने जिप्सी पतंगाच्या अळीत बीटीसोबत प्रतिकार भडकवणारी द्रव्ये दिली, त्यांत पेप्टिडोग्लायकनचे तुकडेही होते. अळ्या लवकर मेल्या. उलट, प्रतिकार दडपणारी द्रव्ये दिली तेव्हा मृत्यू लांबला. म्हणजे किमान या अळीच्या मृत्यूत तिच्या स्वतःच्या संरक्षणाचा हात होता. विष दार फोडते, परकी वीट आत शिरते, भोंगा वाजतो आणि या वेळी तो आवरत नाही. माणसाच्या सेप्सिसमध्येही असेच होते. जंतूइतकेच शरीराचे बेफाम उत्तर रुग्णाला मारते.

मग बोंडअळी तगली ती प्रतिकारशक्ती वाढवून का? येथे इतिहासाने सोपी वाट धरली. गुजरातमधील गुलाबी बोंडअळी क्राय१एसीला जुमानत नाही, हे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे दोन जनुकांच्या कापसातही ती जगू लागली, आणि २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भात डोमकळ्या व किडकी कवडी यांनी पीक गेले. भारतातील प्रतिकारक गुलाबी बोंडअळ्यांचा जनुकीय अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. विष ज्याला चिकटते त्या ‘कॅडहेरिन’ प्रथिनाची घडणच त्यांच्यात नाना प्रकारे मोडलेली आढळली. अळीने सैन्य वाढवले नाही. तिने कुलूप बदलले. किल्ली लागेना, दार फुटेना, तर भोंगा वाजण्याची वेळच येत नाही. उत्क्रांतीच्या हिशेबात हा कमी खर्चाचा मार्ग.

प्रतिकारशक्तीचा मार्ग मात्र अगदीच बंद नाही. ऑस्ट्रेलियात ऑटो श्मिट यांच्या गटाने २००४ मध्ये पिठाच्या पतंगात असे पाहिले की, विषाच्या कमी मात्रेला सामोऱ्या गेलेल्या अळ्यांत प्रतिकार चढा राहतो, त्यांना बीटी अधिक सहन होतो आणि ही सहनशीलता काही प्रमाणात संततीतही उतरते. पिठाचा पतंग म्हणजे तोच, ज्याच्या अळीत बर्लिनरला १९११ मध्ये हा जिवाणू भेटला होता.

कमी मात्रा हा शब्द नांदेडच्या शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे, जरी त्याला तो या रूपात कोणी सांगितला नसला तरी. हंगाम संपल्यावरही पाणी देऊन पीक पुढे राखण्याला आपल्याकडे फरदड म्हणतात. जून झालेल्या झाडातील विष उतरते, बोंडे मात्र लागत राहतात, आणि गुलाबी बोंडअळीच्या जास्तीच्या पिढ्या तेथे शिकून तयार होतात. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचे बिगर-बीटी बियाणे मिळे, ते बांधालगत लावायचे असे. त्या ओळींत साध्या अळ्या वाढाव्यात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळावेत आणि बदललेले कुलूप विरळ राहावे, हा त्यामागचा विचार. बहुतांश ठिकाणी ते पाकीट पेरलेच गेले नाही. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण दोन एकर कोरडवाहू रानातल्या माणसाने किडीसाठी मुद्दाम ओळी राखाव्यात, ही अपेक्षा ज्यांनी नियम लिहिला त्यांनी कोणत्या शेतात उभे राहून केली, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

राहिली दुसरी अळी. गेल्या काही वर्षांत रोजगार हमी योजनेच्या अनुदानावर मराठवाड्यात तुतीची लागवड वाढली आणि २०१८ मध्ये जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाली. लातूर-नांदेडच्या तुती उत्पादकापुढे आज जो प्रश्न आहे, तो मुळात इशिवातांचाच. शेजारच्या हरभऱ्यात घाटेअळीवर बीटीची फवारणी झाली आणि वाऱ्याने ती तुतीच्या पाल्यावर आली, तर संगोपनगृहातल्या अळ्यांचेही आतडे तसेच अल्कधर्मी, तेथेही तीच कुलपे. रेशीमअळीने कुलूप बदललेले नाही. तिच्या मागे हजारो वर्षे माणसाच्या हाताखालची वंशावळ आहे.

तिच्याकडे सेक्रोपिन आहे, वीट ओळखणारे प्रथिन आहे, लगामही आहे. पण ओला किंवा आंबलेला पाला, कोंदट हवा आणि मराठवाड्याचा उन्हाळा एकत्र आले की आतड्यातले जिवाणू माजतात आणि अळ्या मऊ पडून मरतात. या रोगाला ‘फ्लॅचरी’ म्हणतात. लुई पाश्चर यांनी १८६५ ते १८७० या काळात फ्रान्सच्या रेशीमगावांत राहून जे रोग अभ्यासले, त्यांत तोही होता. दीडशे वर्षांनंतरही त्यावर टोचायला लस नाही. म्हणून संगोपनगृहाच्या दारात चुन्याची भुकटी पसरलेली असते, आत जाताना चपला बदलतात, पाला सावलीत आणि कोरडा ठेवतात. आणि शेजारी कोणती फवारणी करणार आहे, हे त्याला आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवतात.